पार्श्वभूमीला टिटवी

१ मे २००४, शनिवार. सकाळी सात.

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या त्यांच्यामागे छापतात, पण ही तशी नाही. ही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर बरं काढावं.

कारण महत्त्वाचं आहे. आमच्या गच्चीवर टिटवीने अंडी घातली. चार. खडीच्या ढिगात नुसता खळगा करून. ही खडी त्र्याण्णव सालची. वरचा मजला चढवायचा म्हणून वर नेऊन टाकली, विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला, आणि सौ. म्हणाली की आता या घरावर एक वीट चढणार नाही. चढली नाही. मजला येणारच होता म्हणून गच्चीला एका बाजूने कठडाही बांधला नव्हता, तोही राहिला. भूकंपानंतर निजण्यासाठी अंगणात पत्र्याची खोली उभारली, ती आता तीन मुलींना भाड्याने दिली आहे. सगळं लातूर क्लाससाठी आलेल्या मुलांच्या भाड्यावर मजले चढवून राहिलं आहे. आमची मात्र खडी. पण टिटवी त्यांच्या मजल्यांवर गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पक्ष्यांना माणूस कळतो.

सौ. म्हणाली की अंडी तिने गेल्या शनिवारीच पाहिली, सांगितलंही होतं. मी पारव्याची असतील म्हणालो होतो म्हणे. असेल. पण नोंद जाणत्याने पाहिल्याच्या दिवसापासून धरतात. पुस्तकात अठ्ठावीस दिवस दिले आहेत. म्हणजे पिल्लं २९ मे रोजी.

२ मे.

रात्रभर विचार केला. (मध्ये थोडा झोपलो.) निर्णय असा की यावर फिल्म करायची.

सत्तावीस वर्षं रेडिओवर ‘पानाआड’ हा निसर्गाचा कार्यक्रम केला, शेवटची काही वर्षं नांदेडला. दर गुरुवारी. शिवाय माळढोकावरच्या आणि गवताळ रानांवरच्या अशा दोन माहितीपटांना आवाज दिला. भोकरपासून निलंग्यापर्यंत श्रीपाद औसेकर हा आवाज माहीत नाही असं घर नव्हतं. पण चेहरा कुणालाच माहीत नाही. मागच्या आठवड्यात पोस्टात बोललो तेव्हा खिडकीवरच्या बाईने चमकून पाहिलं, आणि मग माझ्या मागच्या माणसाकडे पाहिलं. आवाज त्याचा असेल असं तिला वाटलं. तो मिशीवाला होता.

सत्तावीस वर्षं आवाज होतो. आता एकदा दिसायचं आहे.

संकल्प : १) रोज सूर्यनमस्कार. २) पोट आत. ३) केसांना रंग, पण नैसर्गिक वाटेल असा.

४ मे.

गच्चीवर निरीक्षण. टिटवीने डोक्यावर झडप घातली. दोनदा. तिसऱ्यांदा छत्री घेऊन गेलो, तर छत्रीवर. हे आक्रमण नव्हे, ओळख करून घेण्याची पद्धत आहे. कार्यक्रमात मी हे अनेकदा सांगितलेलं आहे.

मग तिला तिच्याच भाषेत हाक दिली. टिटिव-टिव. माझी टिटवी मराठवाड्यात प्रसिद्ध होती. खऱ्या टिटवीची टेप मला नेहमी नाटकी वाटायची, म्हणून कार्यक्रमात मी स्वतःच तोंडाने आवाज काढत असे. कुणालाही कळलं नाही. उलट एकाने पत्र पाठवून विचारलं होतं की इतकी जवळून टिटवी कशी रेकॉर्ड केली.

टिटवीने मात्र दखल घेतली नाही. अंड्यांवर बसून दुसरीकडे पाहत राहिली. थोडी बहिरी असावी.

सूर्यनमस्कार उद्यापासून.

७ मे.

व्यंकटी आला. चाकूरचा आहे, लग्नाच्या शूटिंगमध्ये त्याचं नाव आहे. कॅमेरा चांगला. स्वभाव गरीब. त्याच्या धंद्याचा एक नियम त्याने सांगितला, तो मला फार आवडला. सर, म्हणाला, ज्यानं बोलावलं त्याच्यावरनं कॅमेरा हलवायचा न्हाई. मांडव पडला तरी नवऱ्या मुलाच्या बापाला धरून राहायचं. एकदा औशाला लग्नात बैल शिरला, लोक पळाले, पण मी बापाला सोडलं न्हाई.

असा शिस्तीचा माणूस निसर्गाच्या क्षेत्रात मिळत नाही.

चाचणी घेतली. चष्मा चमकतो म्हणाला. चष्मा काढला. लई झकास दिसून राहिले सर, म्हणाला. मला मात्र तो दिसून राहिला नाही. पण कॅमेऱ्याने मला पाहायचं आहे, मी कॅमेऱ्याला नव्हे.

९ मे.

शिवप्रसाद वडिलांना घेऊन आला. शिवप्रसाद म्हणजे आमच्या गल्लीतला, भूकंपाच्या साली आमच्याच अंगणात कंदील लावून चार मुलांना जीवशास्त्र शिकवायचा. आता त्याच्या क्लासची तीन मजली इमारत आहे. बातमी त्याच्याच विद्यार्थिनींनी, म्हणजे आमच्या भाडेकरू मुलींनी पोचवली.

त्याचे वडील गुंडप्पा यांना फिल्मशी देणंघेणं नव्हतं. अंडी बघायला आले होते. गुडघे धरत गच्चीवर चढले, लांबूनच बघितली, हात जोडले. लई वर घातलीत, म्हणाले. खाली घातली की पाऊस कमी, वर घातली की जोरात. चार अंडी, चार महिने पाऊस. औंदा चिंता न्हाई. मग खाली येऊन सौ.ने केलेलं सरबत प्याले आणि बियाण्याच्या दुकानात गेले. मी त्यांना शास्त्रीय दृष्टिकोन समजावत फाटकापर्यंत गेलो. हाव हाव म्हणत होते.

शिवप्रसाद म्हणाला, काका, आमच्या गुणवंतांच्या सत्काराला तुमची फिलिम मोठ्या पडद्यावर लावू की. वीस जूनला. हजारभर पालक येतील.

हजार. चेहरा. मोठा पडदा.

केसांचा रंग आज लावला. कानांनाही लागला आहे.

१३ मे.

सौ. रोज सकाळी गच्चीवर टिटवीसाठी परातीत पाणी ठेवते. टिटवी तिला काही करत नाही. उठतसुद्धा नाही. मला छत्री लागते. याचं कारण उघड आहे. सौ.च्या व्यक्तिमत्त्वात दखल घ्यावी असं पक्ष्याला काही जाणवत नसावं. तिला असं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही वर जाऊन बोलता, मी बोलत नाही, एवढाच फरक आहे.

तिची तीस वर्षं शाळेत मुलांना गप्प करण्यात गेली. दृष्टिकोन तसाच झाला आहे.

१७ मे.

व्यंकटीला लग्नसराई आहे. तारखा मिळत नाहीत. २२ ला सकाळी मोकळा आहे म्हणाला, म्हणजे पिल्लांच्या आधी आठवडाभर. हरकत नाही. २२ ला माझं प्रास्ताविक घेऊ. मग २९ ला पिल्लं.

पत्र्याच्या खोलीतली मंजुश्री संध्याकाळी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. उदगीरची आहे, गेल्या वर्षी मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून पुन्हा बसली आहे. तिने विचारलं, सर, अंड्यातनं पिल्लू निगताना कसं दिसतंय हो? मी सांगितलं. आधी बारीक तडा, मग चोचीचा पांढरा दाणा, मग ओलसर मान. कार्यक्रमाच्या अकरा भागांत अकरा पक्ष्यांचं सांगितलं होतं, त्यामुळे ओघ होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तुमी बघितलंय?

मी म्हणालो की रेडिओत ऐकण्याला महत्त्व असतं.

बघितलेलं नाही. स्टुडिओला खिडकी नसते. जंगलात जाण्यासाठी पाठवत नसत, आणि पुढे पुढे मीही मागितलं नाही, कारण पुस्तकांत सगळं होतं. एकही पिल्लू बाहेर येताना पाहिलेलं नाही. मला पाहायचं आहे. फिल्मपेक्षाही पाहायचं आहे. हे सौ.लाही सांगितलेलं नाही. इथेच असू दे.

२२ मे, शनिवार. दुपारी बारा.

प्रास्ताविक झालं. अप्रतिम.

सकाळी साडेसात. मी गच्चीच्या मध्यभागी, पाठीमागे खडी, तिच्यामागे कठडा नसलेली बाजू आणि आकाश. टिटव्या गच्चीवर नव्हत्या, खाली शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये ओरडत होत्या. त्यामुळे छत्रीही लागली नाही. चष्मा खिशात. खादीचा झब्बा.

अडथळे पुष्कळ आले. पहिला व्यंकटी. मध्येच म्हणाला, सर, मागं कायतरी हलून राहिलंय. मी त्याला त्याच्या नियमाची आठवण करून दिली. हाव, म्हणाला आणि मला धरून राहिला.

दुसरा सौ. जिन्याच्या तोंडाशी येऊन हात हलवायला लागली. चष्म्याशिवायही ते कळत होतं. मी तळहात दाखवून तिला थांबवलं. पुन्हा आली. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा ती खाली निघून गेली. चहाचं विचारत असणार.

तिसरा त्या मुली. अंगणात उभ्या राहून वर बघत किंचाळत होत्या. अभ्यास कधी करतात देव जाणे.

पण मी थांबलो नाही. निसर्गात घाई नसते, असं म्हणालो. इथे आज काहीच घडणार नाही, आणि काहीच न घडणं पाहण्यासाठीच डोळे लागतात, असं म्हणालो. हे वाक्य आयत्या वेळी सुचलं. शेवटी टिटवीची हाक दिली. व्यंकटी म्हणाला, मोटरसायकलचा हॉर्न आला, परत घेऊ. परत दिली. मग पाण्याचा टँकर आला. तिसऱ्यांदा दिली. तिसरी सर्वोत्तम. रेडिओवरसुद्धा इतकी खरी निघाली नव्हती.

मग आम्ही खाली येऊन पोहे खाल्ले. सौ. वाढायला नव्हती. सूप घेऊन गच्चीवर गेली होती. भर पाहुण्यात हिला गहू पाखडायचे सुचतात.

२३ मे.

अनर्थ. अंडी नाहीत. खळगा रिकामा. कवचाचा एक बारका तुकडा, बाकी काही नाही.

मी तिथेच खडीवर बसलो. छत्री न घेता. टिटवी आली नाही. एक घार वर फिरत होती.

घारीने नेली. चारही. अजून सहा दिवस होते. मी बराच वेळ बसून होतो आणि मला रडू आलं, हे लिहून ठेवतो. कुणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिता येतं.

२४ मे.

सौ. म्हणते की पिल्लं शेजारच्या प्लॉटमध्ये आहेत, गाजरगवतात, चला दाखवते. मी गेलो नाही. तिथे कुणाच्यातरी गावठी कोंबड्या फिरतात, त्यांची पिल्लं असतील. माझं दुःख हलकं करायला बघते आहे बिचारी. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, अहो, तुम्ही एकदा माझं ऐकाल का? मी म्हणालो की निसर्ग क्रूर असतो, तो पचवायला शिकलं पाहिजे. ती भाजी निवडायला गेली.

आता फिल्मचा शेवट शोकात्म होणार. कलेच्या दृष्टीने हे जास्तच चांगलं.

३० मे.

गाद्यांच्या खोलीत निवेदन रेकॉर्ड केलं. गाद्या असल्या की घुमत नाही. ‘आणि मग आकाशातून मृत्यू उतरला’ या वाक्याला आवाज किंचित कापला, तो तसाच ठेवला. मुद्दाम कापवावा लागला नाही.

७ जून.

व्यंकटीने जोडकाम करून कॅसेट आणली. मी डोळे मिटून ऐकली. व्यंकटीला नवल वाटलं, बघा तरी, म्हणाला. त्याला सांगितलं की सत्तावीस वर्षं मी काम ऐकून पास करत आलो आहे. डोळा फसतो, कान फसत नाही.

शेवटाला त्याने सनई लावली आहे. मुलीच्या पाठवणीला लावतात ती. त्याला त्या जागी मृत्यू समजला, हे ऐकून मला भरून आलं. म्हणालो, हीच ठेव. तो म्हणाला, मी बी हेच म्हणून राहिलो सर, पाठवणीच हाय की ही.

खेड्यातल्या माणसाला उपजत जाण असते.

२० जून, रविवार. संध्याकाळी सात.

विजय.

सभागृह गच्च. आधी गुणवंतांचे सत्कार, मग दिवे मालवून माझी फिल्म. मी पहिल्या रांगेत, डोळे मिटून. ज्याचं काम चालू आहे त्याने प्रेक्षकांना कानांनी पाहावं.

आणि काय ऐकू आलं! ‘निसर्गात घाई नसते’ या वाक्यालाच कुजबुज. ‘इथे आज काहीच घडणार नाही’ याला टाळ्या. मग थोड्या वेळाने पुन्हा टाळ्या, शिट्ट्या. पुन्हा टाळ्या. माझ्या टिटवीला तर लोक ओरडले. दुसऱ्या टिटवीला त्याहून जास्त. (व्यंकटीने तिन्ही ठेवल्या होत्या. त्याला एकही टाकवली नाही.) ‘आकाशातून मृत्यू उतरला’ याला मात्र हसले. सनईला फारच हसले. भावना अनावर झाल्या की लोक असे हसतात, हे मी भूकंपाच्या वेळी पाहिलेलं आहे.

मी उभा राहून नमस्कार केला. टाळ्या थांबेनात. उद्या पोस्टात जाऊन बघायला हवं.

एक विचित्र गोष्ट. बाहेर पडताना शिरूर अनंतपाळचे एक पालक हात धरून म्हणाले, सर, ते चौथं खाली उतरलं का शेवटी? मी गंभीरपणे म्हणालो, घारीने नेलं. ते इतके हसले की डोळे पुसायला लागले. मग एक बाई आल्या, त्यांचंही तेच, चौथ्याचं काय. शिवप्रसादही म्हणाला, काका, जीव टांगणीला लागला होता बगा, चौथ्याचं सांगा.

चौथं काय? अंडी चार होती. पण ती चारही सारखीच होती.

उद्या कॅसेट एकदा बघतो. डोळे उघडे ठेवून.

२१ जून.

बघितली.

लग्नाच्या कॅमेऱ्यात सगळंच स्वच्छ दिसतं. मी दिसतो, झब्बा दिसतो, कानांचा रंग दिसतो. आणि माझ्या डाव्या खांद्यामागे खडीत काहीतरी हलतं. मी म्हणतो की निसर्गात घाई नसते, आणि खडीतून एक पिल्लू उठतं. लिंबाएवढं. पाय मात्र लांब. मी म्हणतो की इथे आज काहीच घडणार नाही, आणि ते गच्चीच्या कडेला जातं, खालून आई हाका मारते, आणि ते उडी टाकतं. सरळ. पंख नाहीत तरी. मग दुसरं. दुसरं माझ्या खांद्यामागून जातं, नीट दिसत नाही.

मी सरक म्हणालो. टीव्हीतल्या मला. मोठ्याने. तो सरकला नाही. त्याने तळहात वर केला होता, सौ.ला थांबवायला. ती जिन्यात उभी राहून बोटाने त्याच्या मागे दाखवत होती. तीनदा. वळला असता तर दिसलं असतं. चष्मा खिशातच होता.

तिसरं गेलं. चौथं कडेला आलं. खालून आई बोलावत होती, ते पुढे झालं, आणि मी तोंड वर करून टिटवीची हाक दिली.

पिल्लू जागच्या जागी बसलं. मान टाकून, खडीसारखं. मी पुस्तक काढून बघितलं. माझी हाक धोक्याची आहे. सत्तावीस वर्षं दर गुरुवारी मी मराठवाड्याला धोका आहे, धोका आहे, असं ओरडत होतो. टिटवी धोक्याचं ओरडली की पिल्लू हलत नाही. मग आई पुन्हा बोलावते, ते उठतं, दोन पावलं जातं, आणि मी दुसऱ्यांदा हाक देतो. बसलं. लोक ओरडले ते इथे. मग तिसरी हाक. सर्वोत्तम. त्यानंतर ते उठलंच नाही. चित्रण तिथे संपतं, सनई लागते, आणि पहिल्या तिघांच्या उड्या संथ गतीने पुन्हा दिसतात. वरून गुलाबाच्या पाकळ्या.

सौ.ला विचारलं, चौथ्याचं काय झालं. ती म्हणाली, सुपात घालून खाली नेऊन सोडलं. तुम्ही पोहे खात होतात.

मी म्हणालो, सांगितलं का नाहीस. तिने तळहात दाखवला फक्त.

भोकरपासून निलंग्यापर्यंतचं सगळं जमेस धरलं तरी माझ्या आवाजावर असा विश्वास कुणी ठेवला नसेल. एका दिवसाचं होतं. आई खालून बोलावत होती, आणि त्याने माझं ऐकलं.

२२ जून.

सकाळी सौ.बरोबर शेजारच्या प्लॉटमध्ये गेलो. चष्मा लावून. पाऊस गुंडप्पांच्या म्हणण्याप्रमाणे चांगला लागला आहे, गवत वाढलं आहे. बराच वेळ काही दिसलं नाही. मग सौ.ने कोपर लावलं. तीन पुढे पळत होती, चांगली मोठी झालेली, आणि एक जरा मागे. तेच असेल की दुसरं, सांगता येत नाही. तारेवरून टिटवी ओरडली. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. चौथं पळत पुढच्या तिघांत गेलं.